‘कुठे’चा रकाना

सोमवार, ४ ऑगस्ट १९५८

आजपासून ही वही माझी. स्टेशनातली नोंदवही कंपनीची आहे, तिच्यात फक्त घडलेले लिहायचे. मला जे वाटते ते कोणत्या रकान्यात लिहू, असे मी डालक्विस्ट साहेबांना पहिल्याच दिवशी विचारले. ते म्हणाले, "केआला, तुला काय वाटतं ते कंपनीला नकोय." म्हणून येताना नालेहू गावी ओशिरोंच्या दुकानातून ही घेतली. त्यांची मुलगी फुमिए गल्ल्यावर होती. "कशाला हवीय?" तिने विचारले. मी म्हटले, मनातले लिहायला. "मग एवढी पातळ पुरेल?" मी जाडीचा विचारच केला नव्हता. परत जाऊन जाड घेतली.

नोकरीसाठी आम्ही सहाजण गेलो होतो. सगळ्यांना एक अर्ज भरायला दिला. मी आठवीत शाळा सोडली आणि नंतर साखर कारखान्यात काट्यावर होतो, त्यामुळे आशा नव्हती. पण खाडाखोड नसलेला अर्ज माझा एकट्याचा निघाला. काम दोन प्रकारचे: जनरेटर बंद पडू द्यायचा नाही, आणि नोंदवही ठेवायची.

स्टेशन आमच्या बेटाच्या दक्षिणेला, का लाएच्या टोकावर आहे. इथे जमीन संपते. पुढे दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत नुसते पाणी. साठ फूट रुंदीची लोखंडी थाळी आकाशाकडे तोंड करून उभी केली आहे. लवकरच फ्लोरिडाहून रॉकेट सुटेल. त्यातले यान अडीच दिवसांनी चंद्रापाशी पोचेल, आणि त्या घटकेला चंद्र आमच्या डोक्यावर असेल. तेव्हा साहेब टेबलावरच्या लाल झाकणाखालचे बटण दाबतील. यानाचा ब्रेक पेटेल आणि ते चंद्राभोवती फिरत राहील. बटण चुकले तर यान चंद्राला ओलांडून निघून जाईल. हे आजवर कोणी केलेले नाही. बटण दाबल्याची वेळ मी लिहायची आहे.

घरी पिलिपो काकांना सांगितले. त्यांनीच मला लहानाचे मोठे केले. ते गळ घासत होते. म्हणाले, "जायचं काय एवढं? आपल्या समुद्रातल्या प्रवाहातनं कुणीही जाईल, हात न हलवता. थांबायचं कसं ते विचार तुझ्या साहेबाला."

मी म्हटले, त्यासाठीच बटण आहे.

"आम्हाला दोर आहे," काका म्हणाले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

अडचण आली आहे.

आज चाचणी घेताना कानावरच्या यंत्रात खरखर आली. साहेबांनी दुर्बीण लावली, तर खाली समुद्रात मच्छीमाराची होडी. होडीच्या इंजिनात ठिणगी उडते आणि ती आम्हाला ऐकू येते. चंद्रावरून येणारा आवाज इतका बारीक असणार की एका होडीने तो बुडेल. साहेबांनी हुकूम काढला: पाच मैलांतल्या प्रत्येक इंजिनाची नोंद. मालक, वेळ, कुठे निघाला, परत केव्हा. मी रकाने आखले. रेघा सरळ आल्या आहेत.

आमच्याकडे समुद्रावर निघालेल्या माणसाला ‘कुठे निघालास’ विचारत नाहीत. मासे ऐकतात. कोणी विचारलेच तर तो माणूस काही बोलत नाही. गळ-जाळे उचलून घरी परत जातो. त्या दिवसापुरता समुद्र संपला. तोंड उघडल्याशिवाय राहवतच नसेल तर ‘फिरायला?’ म्हणायचे, तो ‘फिरायला’ म्हणतो, आणि दोघांनाही सगळे कळते.

साहेबांना हे सांगावे असे तीनदा ठरवले. तीनदा ते फोनवर होते.

सोमवार, ११ ऑगस्ट

सकाळी कड्यावर उभा राहून पाच जणांना विचारले. नियमाप्रमाणे टोपी काढून विचारले. पाचही जण घरी गेले.

जुनी माणसे पूर्वी इथे खडकात पाडलेल्या भोकांना दोर बांधून होडी प्रवाहात सोडत आणि दोराच्या टोकाला राहून मासे धरत. काका गेल्या वर्षापर्यंत तसेच करत, पण या वर्षी त्यांनी जुने इंजिन घेतले आहे. गेली कित्येक वर्षे त्यांनी स्वतःसाठी काही घेतलेले मी पाहिले नव्हते. रात्री ते त्याच्यावर गोधडी घालतात. पाच जणांत शेवटी मी त्यांना विचारले.

"लेवाय, तुला ताप आहे का?"

"नाही, काका. रकाना आहे."

त्यांनी इंजिन खांद्यावर घेतले आणि चढ चढून घरी गेले. ते वजनदार आहे. मी मदत करू का विचारले, तर म्हणाले, "आणखी काही विचारू नकोस."

नोंद: पिलिपो केआला, सकाळी ५.४०, घरी, परत लगेच.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

चार दिवस मी रोज विचारतो आहे, एकही होडी समुद्रात गेली नाही. साहेब फार खूश आहेत. कानावरचे यंत्र माझ्या कानाला लावून म्हणाले, "ऐक. काय ऐकू येतं?" मी म्हटले, काही नाही. "तेच! हे तू केलंस. इतका शांत समुद्र मी कुठल्याच स्टेशनवर ऐकला नाही. यान चंद्राला पोचलं की हे स्टेशन कायमचं होईल, आणि तुझी नोकरीही."

कायम नोकरी म्हणजे पुन्हा कारखान्यात जावे लागणार नाही. काट्यावर सतत कोणीतरी माझ्याशी भांडत असे, आणि बरोबर मीच असे. त्याने भांडण वाढत असे.

घरी सलग चौथ्या दिवशी डब्यातले मांस आणि भात. काका म्हणाले, "छान लागतं. डब्याची चव आली आहे अगदी."

रविवार, १७ ऑगस्ट

रॉकेट पहाटे सुटले. मी बारा पेन्सिलींना टोक करून ठेवले होते. सत्त्याहत्तर सेकंदांनी ते फुटले. टेलिप्रिंटरवर एवढेच आले.

साहेब खुर्चीत बसून राहिले. लाल झाकणाला कोणी हात लावला नव्हता. मी ‘काय घडले’च्या रकान्यात ‘फुटले’ असे लिहिले आणि पेन्सिली परत खोक्यात ठेवल्या.

चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसले नाही. एरवी तिथे सहाजण बसतात. पास्टरांनी माशांच्या चमत्काराची गोष्ट वाचली तेव्हा पाचजणांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.

संध्याकाळी काकांना रॉकेटचे सांगितले.

"कुठे निघालं होतं?"

"चंद्राला."

"सगळ्यांना सांगून?"

"सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं, काका."

"मग," ते म्हणाले, आणि गळ घासू लागले.

मंगळवार, १९ ऑगस्ट

झोप नीट नाही. रॉकेट फुटायला फ्लोरिडात काहीतरी कारण असणार, हे मला कळते. पण विचारणारा इथे मी होतो, हेही खरे आहे.

ओशिरोंच्या दुकानात गेलो तर फुमिए म्हणाली, "डब्यातलं मांस संपलं. गावाने नेलं. तुझ्या कृपेने बाबांनी हिलोहून दोन खोकी मागवलीत." मग तिने विचारले, "तुला होड्या कधी निघतात एवढंच कळायला हवं ना?"

"हो."

"मग माणसांना कशाला विचारतोस?"

मला कळले नाही. तेव्हा तिने समजावले. समुद्रावर जाणारा प्रत्येकजण पहाटे तिच्या आईने केलेले भाताचे गोळे घेतो, वर काळे समुद्रगवत गुंडाळलेले. एक गोळा घेतला तर दुपारपर्यंत परत. दोन घेतले तर दिवसभर. मला विचारायची गरज नाही. ती स्टेशनवर फोन करेल.

"पण तू त्यांना विचारशील?"

"लेवाय, दुकानात आलेल्या माणसाला ‘किती देऊ’ विचारतात. त्याला समुद्र रागवत नाही."

शनिवार, २० सप्टेंबर

फुमिएची पद्धत महिनाभर अचूक चालली आहे. होड्या जातात, मी कोणाला विचारत नाही, आणि चाचणीच्या तासाला इंजिने बंद असतील अशा बेताने साहेबांना वेळ सुचवतो. त्यांना वाटते मला लाटांवरून कळते. बाकावर चारजण बसू लागले आहेत.

‘कुठे’च्या रकान्यासाठी मात्र काही मिळत नाही. मी तिथे ‘फिरायला’ लिहितो. साहेबांनी एकदा विचारले, "इथली माणसं फारच फिरतात, नाही?" मी म्हटले, हवा चांगली आहे.

फुमिए रोज फोन करते. कोणी गोळे नेले नाहीत तरी करते आणि ‘आज कोणी नाही’ सांगते. हे सांगायला कधी दहा मिनिटे लागतात, काल तर अठरा. मी तिला म्हटले की कोणी नसेल तेव्हा फोन केला नाही तरी चालेल, तुझा वेळ वाचेल. ती म्हणाली, "बरं." आज कोणी नव्हते. तरी तिने फोन केला आणि सांगितले की आज ती फोन करणार नाहीये.

शनिवार, ११ ऑक्टोबर

काल रात्री दुसरे सुटले, आणि फुटले नाही!

सकाळी स्टेशनात सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. यान वर चालले आहे. आम्हाला त्याचे बोलणे ऐकू येते. बारीक, एकसारखी शिट्टी. मी ती कानाने ऐकली. यान चंद्रापाशी पोचेपर्यंतचा काळ अत्यंत महत्त्वाचा असल्याने उद्यापासून पाच मैलांत एकही इंजिन चालता कामा नये, असा साहेबांचा हुकूम आहे.

घरी जेवताना मी काकांना विचारले नाही. फक्त म्हटले, "उद्या इंजिनाच्या आवाजाने यान हरवू शकतं, असं साहेब म्हणतात."

"साहेबाला सांग, देवाने कान दिलेत ते सगळीकडे लावायला नाही दिले," काका म्हणाले. मग उठून गोधडी सारखी करायला गेले.

जेवून स्टेशनात परतलो तेव्हा कळले की रॉकेटचा वेग किंचित कमी पडला. चंद्र दोन लाख चाळीस हजार मैलांवर आहे. यान सत्तर हजारांच्या पुढे जाणार नाही. तिथून माघारी फिरेल.

रविवार, १२ ऑक्टोबर

सगळे क्रमाने लिहितो.

सकाळी फ्लोरिडाहून निरोप आला: चंद्र हातचा गेला, पण परत पडण्याआधी यानाचा ब्रेक इथून पेटवून पाहा. तो धक्का बसला तर ते पृथ्वीभोवती तरी फिरत राहील. म्हणजे लाल झाकण उघडणार. आठ वाजता फुमिएचा फोन आला. ती हळू आवाजात म्हणाली, "दोन गेले. तुझ्या काकांनी नेले."

दोन म्हणजे दिवसभर.

साहेबांनी बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. यान आतून फार गार पडले आहे, असे शेजारचा इंजिनियर म्हणाला. तिसऱ्यांदा दाबले, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या कानात खरखर आली. जोरात. साधारण दोन मिनिटे.

मी खरखरीची वेळ लिहिली: ९.१२. ‘मालक’च्या रकान्यात पेन्सिल टेकवली आणि थांबलो. काकांचे नाव लिहिले तर चंद्राच्या वाटेवर इतके दूर गेलेले जगातले पहिले यान पिलिपो केआला यांनी पाडले, असे कायमचे लिहिले जाणार होते. नाही लिहिले तर नोंदवही खोटी. मी साहेबांना सांगून कड्याकडे धावलो.

खडकाच्या भोकाला दोर बांधलेला होता, जुना दोर, ताणून तारेसारखा झालेला. खूप खाली, दोराच्या टोकाला, काकांची होडी. होडीत इंजिन नव्हते. एकटे काका होते. ते दोर हाताने ओढत, प्रवाहाविरुद्ध, वीत वीत परत येत होते. ते चौसष्ट वर्षांचे आहेत. मी वरून दोर धरला आणि ओढू लागलो. ते ओरडले, "सोड! तुझी नोकरी वर आहे!" मी सोडला नाही. काका वर यायला एक तास चाळीस मिनिटे लागली.

त्यांचे तळहात सोलले होते. होडीत तीन उलुआ मासे होते, मोठे.

"इंजिन का नाही नेलंत?"

"बिघडलंय," काका म्हणाले.

परतताना घरावरून गेलो. गोधडी काढली आणि इंजिनाची दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. इंजिनांचे असे असते, एखादा दिवस विश्रांती मिळाली की सुधारतात.

मग खरखर कोणाची? स्टेशनात परत आलो, तर साहेबांच्या टेबलावर विजेवर चालणारे दाढीचे यंत्र. हिलोहून वार्ताहर फोटो काढायला येणार होते आणि साहेबांनी दोन दिवस दाढी केली नव्हती. कोणत्या वेळी केली, असे मी विचारले. त्यांना आठवेना. शेजारचा इंजिनियर म्हणाला, "तिसऱ्या बटणाच्या वेळी. डाव्या हाताने."

मी लिहिले: ९.१२. मालक, डालक्विस्ट. कुठे, हनुवटी. परत केव्हा, दोन मिनिटांत.

साहेबांनी ते दोनदा वाचले. कोणी हसले नाही. मग त्यांनी खाली सही केली. म्हणाले, "गारठ्यानेच झालं, केआला. पण नोंद राहू दे."

पावणेसहाच्या सुमारास शिट्टी थांबली. यान दक्षिणेकडच्या समुद्रात पडले.

घरी काकांच्या हातांना तेल लावताना मी सांगितले. त्यांनी विचारले, "आपल्याच समुद्रात?"

"हो. खूप खाली, पण आपल्याच."

"म्हणजे निघालं, सगळ्या जगाने ‘कुठे, कुठे’ विचारलं, आणि बिचारं घरी परत आलं." त्यांनी मान डोलावली. "चांगल्या घरचं आहे."

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

काकांचे हात भरत नाहीत. बोटे पूर्ण मिटत नाहीत. दोर ओढणे आता जमणार नाही, असे ते स्वतःच म्हणाले. "इंजिन आहे की. सुधारलंय म्हणतोस ना?"

त्यांची पहिली नात, कानानी, आठ नोव्हेंबरला एक वर्षाची होईल. पहिला वाढदिवस म्हणजे गावजेवण, दोनशे माणूस. डुक्कर जावई देणार, अळकुड्या कुटून केलेली पोई व्याही देणार, आणि मासे काका देणार. हे बाळ जन्मले त्या दिवशीच ठरले आहे. व्याहीणबाई दर रविवारी चर्चमध्ये काकांना विचारतात, "पोई उरेल ना हो, नुसतीच?" काका म्हणतात, "तुमची पोई पुरली म्हणजे मिळवली." अर्थात मासे किंवा समुद्र हे शब्द पुढे येऊ देत नाहीत. चर्चच्या आवारातल्या फणसाकडे बघून बोलतात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावले. तिसरे रॉकेट शुक्रवारी सुटेल. या जातीचे हे शेवटचे.

"हे गेलं तर?" मी विचारले.

"तर इथली निम्मी माणसं जातील. सगळ्यात शेवटी लागलेला सगळ्यात आधी."

सगळ्यात शेवटी मी लागलो. हे त्यांनाही माहीत होते. ते खिडकीबाहेर बघू लागले.

मग त्यांनी हुकूम दिला. शुक्रवारी सकाळपासून पाच मैलांत एकही इंजिन नको. भाताचे गोळे पुरेसे नाहीत. (त्यांना गोळ्यांचे कळले आहे. शेजारच्या इंजिनियरने फोन ऐकला. फुमिएचे आणखी काय काय ऐकले, ते तो सांगत नाही, नुसता माझी पाठ थोपटतो.) मी स्वतः कड्यावर उभे राहून प्रत्येकाला कुठे, केव्हा, परत केव्हा, विचारायचे. ऑगस्टसारखे. "ऑगस्टमध्ये समुद्र किती शांत होता, आठवतं?"

आठवते.

शुक्रवारी विचारले तर शनिवारी दोनशे पानांवर मासा नाही. नाही विचारले आणि इंजिन चालले, तर यान हरवेल आणि सोमवारी मी कारखान्यात. दोन्ही बाजू कागदावर लिहून काढल्या. दोन्ही सारख्याच लांबीच्या झाल्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहाटे पाचपासून कड्यावर होतो. बाकीच्या होड्या आल्याच नाहीत. गावात माझी बातमी माझ्याआधी पोचते.

साडेपाचला काका आले. खांद्यावर इंजिन, हातात गळांची पेटी, कमरेला दोन गोळे. मला पाहून थांबले. माझ्या हातात पाटीवर लावलेली नोंदवही होती.

मी विचारणार नाही, असे रात्रीच ठरवले होते. साहेबांना सांगणार होतो की विचारले नाही. पुढचे पुढे. म्हणून मी नुसता उभा राहिलो. तोंड घट्ट मिटले होते.

काकांनी इंजिन होडीत ठेवले. पेटी ठेवली. माझ्याकडे पाहिले, वर थाळीकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे. मग मोठ्याने, समुद्राच्या पलीकडच्या माणसाला सांगावे तसे म्हणाले:

"लेवाय! मी मासे धरायला चाललोय. खोल पाण्यात, उलुआ आणायला. इंजिन लावून. संध्याकाळी परत. लिही!"

मी लिहिले नाही. बावीस वर्षांत मी काकांच्या तोंडून तो शब्द कड्यावर ऐकला नव्हता.

"लिहिलंस?"

"काका, हे काय केलंत?"

"वय झालं. जीभ घसरली," ते म्हणाले. त्यांनी पेटी उचलली. इंजिन खांद्यावर घेतले. ते वजनदार आहे आणि त्यांची बोटे मिटत नाहीत. चढावर मी मागून हात लावला. या वेळी त्यांनी तो राहू दिला.

समुद्र दिवसभर शांत होता. दुपारी पाण्यावर पक्ष्यांचा मोठा थवा घिरट्या घालत होता. म्हणजे खाली मासे होते, भरपूर.

शनिवार, ८ नोव्हेंबर

तिसरे काल रात्री सुटले. शेवटचा टप्पा पेटलाच नाही. काही तासांत ते आफ्रिकेच्या बाजूला पडले. आमच्या डोक्यावर ते आलेच नाही. आम्ही त्याला ऐकलेही नाही. एवढ्या शांततेचा काहीच उपयोग झाला नाही.

दुपारी कानानीचे जेवण. मासे डब्यातले. ओशिरोंच्या दुकानातले सगळे डबे संपले, तेही टोमॅटोच्या रसातले. मी वाढायला होतो. व्याहीणबाई पानावर बघून म्हणाल्या, "हे मासे आधीच न्हाऊन-माखून आलेत वाटतं." सगळे हसले. कोणीतरी विचारले, "पिलिपो, काय झालं रे?"

"जीभ घसरली," काका म्हणाले. "बोलून गेलो, न् मग कसा जाणार?"

"चौसष्ट वर्षांत कधी घसरली नाही ती!"

"म्हणून तर. बसून बसून कंटाळली."

मी पातेले खाली ठेवले. सांगणार होतो की कड्यावर मी होतो, वही घेऊन. काकांनी पोईचा वाडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "खा." त्या स्वराने मी लहानपणी खोकल्याचे औषध प्यायचो. खाल्ले.

फुमिए रिकामे डबे गोळा करत होती. एक डबा उचलून देता देता मी तिला म्हटले की काका इतके जपून बोलणारे, त्यांच्याकडून नेमकी कालच चूक व्हावी, हे मला कळत नाही.

"खरंच कळत नाही?"

"इंजिनाचंही मला तेव्हा नीट कळलं नव्हतं," मी म्हटले. "बिघडलेलं नव्हतं ते."

हे बोललो आणि हातातला डबा तसाच धरून उभा राहिलो. किती वेळ, ते पाहिले नाही. फुमिएने डबा काढून घेतला. म्हणाली, "आज नको काही बोलूस त्यांना. बोललास की ते परत घरी जातील."

सोमवार, १० नोव्हेंबर

नोकरी गेली. साहेबांनी स्वतः सांगितले, उभे राहून. मग नोंदवही तपासली. सात तारखेच्या पानावर थांबले.

"इंजिनं?"

"एकही नाही, साहेब."

"तू विचारलंस सगळ्यांना?"

"कोणालाच नाही."

"मग?"

तेव्हा मी सांगितले. ऑगस्टमध्ये सांगायचे राहिले होते ते सगळे. विचारत का नाहीत, विचारले तर काय होते, पाच जण, दोनशे पाने, टोमॅटोचा रस. साहेब खुर्चीत बसले. एकदा म्हणाले, "आणि तो म्हातारा स्वतःहून..." लाल झाकणावर बोट फिरवत राहिले. त्यावर धूळ होती.

"आम्ही तर प्रत्येक वेळी सगळ्या जगाला सांगितलं," ते म्हणाले.

"हो, साहेब. वर्तमानपत्रांत आलं होतं."

"पुढच्या वर्षी आणखी मोठं रॉकेट येतंय. कुणी विचारलं, कुठे निघालंय, तर काय सांगायचं?"

"फिरायला, म्हणायचं, साहेब."

त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतले. निघताना मला उरलेल्या अकरा पेन्सिली दिल्या. बारावी मी ऑगस्टपासून वापरतो आहे, हे त्यांना माहीत होते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पहाटे जाग आली. कारखान्यात सोमवारी बोलावले आहे. अंगणात काका इंजिनावरची गोधडी काढत होते. त्यांना दोरी ओढता येत नव्हती. बोटे घसरत होती. मी दारात उभा राहिलो. त्यांनी वर पाहिले नाही.

मी म्हटले, "फिरायला?"

काका थांबले. मग म्हणाले, "फिरायला."

मी इंजिन उचलून खांद्यावर घेतले. वाटेत ओशिरोंच्या दुकानापाशी फुमिए दारातच उभी होती. आम्ही काही मागण्याआधीच तिने पुडके दिले. नंतर उघडले तर आत पाच गोळे निघाले. दोन माणसांचे चार होतात. मी काकांना म्हटले की ती मोजायला चुकली असावी. काका इतके हसले की होडी हलली.

दिवसभर काकांबरोबर होतो. कुठे, ते लिहीत नाही.